अर्धे बाबा शिवेच्या आत

सलोनी हडकरच्या मामाने डोंबिवलीहून तिच्यासाठी गिअरची जांभळी सायकल पाठवली, आणि सायकल घरात आली त्याच दिवशी निवृत्त झाली. सलोनीच्या बाबांनी, म्हणजे सत्यवान हडकरांनी, सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, ब्रेक दाबून पाहिले, घंटी वाजवली आणि निकाल दिला, "बरी आसा. पडवीत ऱ्हवांदे."

पडवीत ती राहिली. आधी हँडलवर आईचा टॉवेल आला, मग सीटवर उडदाच्या पापडांचं ताट, आणि एक दिवस तर घरी आलेल्या पाहुण्यांनी मोठ्या विश्वासाने तिला आपली छत्री अडकवली. डोंगर चढण्यासाठी जन्माला आलेल्या सायकलीचा याहून मोठा अपमान तो काय असणार?

बाबांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. मालवणात दिवाळीपासून जे पर्यटक यायला लागतात, ते गाडी चालवताना एक डोळा मोबाइलमधल्या नकाशावर ठेवतात आणि दुसरा सुरमई थाळीच्या पाटीवर. रस्त्यासाठी तिसरा डोळा लागतो, आणि तो सगळ्यांनाच नसतो. पण सायकल पडवीत आहे तोवर निदान ती सलोनीची होती. खरं संकट कसालहून आलं. आत्याचा फोन आला, "पडान ऱ्हवण्यापरास आमच्या कौस्तुभाक होईत." कौस्तुभ म्हणजे तो मुलगा, ज्याने आधीच्या सायकलीची दोन्ही चाकं वेगवेगळ्या विहिरींत घालवली होती. आणि बाबा फोनवर चक्क "बघूया" म्हणाले.

एक वर्षापूर्वीची सलोनी असती तर उशीत तोंड खुपसून रडली असती. पण यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने सूत्रसंचालन केलं होतं आणि माईक बंद पडल्यावरही ते थांबवलं नव्हतं. तेव्हापासून जगातला कुठलाही प्रश्न पुरेसं बोललं की सुटतो, अशी तिची खात्री झाली होती.

"बाबा, गाडये नसलेल्या रस्त्यार चालवलंय तर?"

"असो रस्तो जिल्ह्यात उरलो नाय."

"घाटाखाली आसत. एका बाजूक डोंगर, दुसऱ्या बाजूक दरी, आणि मदी कोण नाय."

बाबांनी चष्मा काढून पुसला. बाबा ओरोसला एका सरकारी कार्यालयात होते, आणि चष्मा पुसून झाला की ते मालवणी सोडून प्रमाण मराठीत शिरत. "मागणी तत्त्वतः मान्य," ते म्हणाले. "मात्र अटींच्या अधीन राहून. तू सायकलीवर, मी मागून स्कूटरवर. रस्ता तू निवडायचा. संपूर्ण प्रवासात माझ्या तोंडून एकदाही 'सांभाळ' निघता कामा नये. निघाला, की सायकल कसालला."

अट ऐकायला सोपी वाटते. पण आई कुकरचं झाकण उघडायला गेली तरी बाबा "सांभाळ" म्हणत. टीव्हीवर कुणी क्रिकेटपटू धाव घ्यायला निघाला तरी म्हणत. अशा माणसाला घाटातल्या वळणांवरून गप्प न्यायचं होतं.

बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही आणि सल्ले यायला त्याहून कमी लागला. शेजारच्या आनंदीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "घाटाखालच्या वाटेन जाव नको गो. थंय देवचार फिरता." सलोनीच्या मनात आलं, फिरू दे, भूत निदान हॉर्न तरी वाजवत नाही. टेम्पोवाला निलेश म्हणाला की शांत रस्ता हवा असेल तर त्याच्या सासुरवाडीचा घ्या, दिवसभरात एक एसटी, तीही मनात असेल तर.

म्हणून पहिली चाचणी निलेशच्या सासुरवाडीच्या रस्त्यावर झाली. वाहन खरोखर एकही आलं नाही. पण दर घराच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, कुणीतरी उभं होतं. "खंय चल्लास? खंयचे? हडकर म्हणजे कोणाचे? चाय घेतल्याबगर जावचा नाय!" निलेशची ओळख सांगण्याची चूक बाबांनी पहिल्याच घरात केली आणि ती पुढच्या सगळ्या घरांत फेडली. अखेरच्या घरात एक काकू कपबशी घेऊन उंबऱ्याला अडखळल्या, आणि बाबांच्या तोंडून "सांभाळ!" निघून गेला. हा 'सांभाळ' सायकलीला लागू होतो की चहाला, यावर परतीच्या वाटेवर बराच युक्तिवाद झाला. सलोनीने तो जिंकला. बाबांच्या पांढऱ्या शर्टावर पुरावा होताच.

पण सायकलीपेक्षा चहाच जास्त झाला होता, म्हणून दुसरी चाचणी ठरली, पौषातल्या एका रविवारी. सायकल निलेशच्या टेम्पोत, बाबा स्कूटरवर, त्यांच्या मागे सलोनी, असे ते तळेऱ्यावरून आत वळून पार घाटाच्या पायथ्याशी गेले. निलेशला पुढे भुसार माल टाकायचा होता. "सांजेक परत येतंय, फोन करा," म्हणून तो गेला.

घाटाची वाट जिथे सुरू होते तिथे एक आडवा बांबू होता आणि बांबूमागे खुर्चीत एक खाकी गृहस्थ.

"सायकल घाटात कशाला?"

"चालवायला," सलोनी म्हणाली.

गृहस्थांनी चौकीच्या भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं. "चारचाकीचा उल्लेख आहे. दुचाकीचा आहे. बैलगाडीचासुद्धा आहे. सायकलीचा नाही."

बाबा पुढे झाले. "उल्लेख नाही म्हणजे बंदी नाही."

"उल्लेख नाही म्हणजे परवानगी नाही, साहेब. वरून मार्गदर्शन मागवावं लागेल."

हे वाक्य बाबांचं स्वतःचं होतं. ओरोसच्या खुर्चीत बसून त्यांनी ते अर्ध्या जिल्ह्याला ऐकवलं होतं. स्वतःला ऐकायला मिळण्याची ही पहिलीच वेळ. आतून राग आणि दाद एकाच वेळी वर येत असावेत, कारण त्यांचा चेहरा शिंक अडलेल्या माणसासारखा झाला.

"मार्गदर्शन कधी येईल?"

"तसा उल्लेख नाही," गृहस्थ म्हणाले.

तेव्हा बापलेक मागे फिरले, आणि मागे फिरताना सलोनीला डावीकडे दरीत उतरणारा एक चिंचोळा रस्ता दिसला. कोपऱ्यात दगड होता, त्यावर पुसट अक्षरं: खोलवडे.

हा रस्ता! उजव्या हाताला काळ्या कातळाची उभी भिंत, डाव्या हाताला घळ, आणि घळीच्या तळाशी न दिसणारी नदी, जी फक्त ऐकू येत होती. बांबूच्या बेटांमधून ऊन तुकड्यातुकड्यांनी रस्त्यावर पडलं होतं. एक धनेश डोक्यावरून गेला तर त्याच्या पंखांचा सपसप आवाज पार पलीकडच्या कड्याला लागून परत आला. सलोनी गिअर टाकत, काढत, पुन्हा टाकत चालली. गिअर काय करतात हे तिला नीट कळलं नव्हतं, पण आवाज फार छान येत होता. मागे स्कूटर फुरफुरत होती आणि स्कूटरवरून एक अक्षर येत नव्हतं.

वळणं संपली आणि गाव लागलं. कौलारू घरं, शेणाने सारवलेली स्वच्छ खळी, आणि सगळ्या दारांना कुलपं. सगळ्या म्हणजे सगळ्या. रस्त्यावर माणूस नाही, परसात पोर नाही.

आता हे दुसऱ्या कुठल्या मुलखात झालं असतं तर माणसं दचकली असती. पण सिंधुदुर्गातल्या माणसाला कुलूप लावलेलं घर बघून काही म्हणजे काही वाटत नाही.

"सगळे मुंबयक," बाबा प्रसन्नपणे म्हणाले.

"गोठ्यात गुरा पण नाय, बाबा."

"इकली असतीत."

"कोंबडे?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "घेवन गेले असतीत. मुंबयक गावठी कोंबड्याक मान आसा."

"आणि कुत्रे?"

"किती प्रश्न इचारतंस गो? तुका शांत रस्तो होयो होतो मा? घे!"

ते इतके खुशीत होते की देवळाजवळ त्यांनी स्कूटर लावली, हेल्मेट आणि मोबाइल डिकीत टाकला, पायऱ्या चढून घंटा वाजवली. आवाज दरीत घुमला. त्यांना तो आवडला म्हणून पुन्हा वाजवली. आणि मग, ज्याला काहीच कारण नव्हतं, तिसऱ्यांदा. पायऱ्या उतरून आल्यावर त्यांनी सायकलीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, दोन्ही बाजूंना कुणी बघत नाही ना ते पाहिलं.

"एक फेरी मारतंय. ब्रेक बघूक व्हये."

ब्रेक बघायला निघालेला माणूस टांग टाकताना असा हसत नाही. बाबांनी पायडल मारलं, आधी डुगडुगले, मग सरळ झाले. देवळापासून रस्ता उताराला लागत होता. त्यांचा शर्ट पाठीवर फुगला, घंटी वाजायला लागली, आणि ओरोसच्या कार्यालयातला वरिष्ठ सहायक "हुर्रर्र" असा आवाज काढत उतरणीला लागला. सलोनीला भयंकर आनंद झाला. आता हे कसले सायकल कसालला पाठवतात! तेवढ्यात पुढचं वळण तिच्या ध्यानात आलं.

"बाबाऽऽ, सांभाळ!"

हडकरांच्या घरात हा शब्द उलट दिशेने पहिल्यांदाच गेला, त्यामुळे बहुधा बाबांना तो ओळखता आला नाही. ते वळणाआड गेले. मग आधी घंटीचा आवाज थांबला, मग काहीतरी धप्पकन पडलं, आणि मग एकदम, त्या निर्मनुष्य दरीत, शेकडो कोंबड्या ओरडल्या.

सलोनी धावत वळणाशी पोचली. समोर रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक पाषाण होता. पाषाणापलीकडे सगळं गाव होतं. माडाच्या झापांच्या खोपी, चुली, बांधलेल्या गाई, शेळ्या, खुराडी, पाळण्यात पोरं, आणि हरवलेले सगळे कुत्रे. पाषाणाच्या रेषेवर बाबा आडवे होते. सायकल पलीकडे. बाबा कमरेपर्यंत पलीकडे. पाय अलीकडे.

मग तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. गावपळण! वर्षातून एकदा देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट शिवेबाहेर राहायला जातो आणि तेवढे दिवस गाव देवाच्या ताब्यात असतो. आत पाऊल टाकायचं नाही. किनाऱ्याकडच्या काही गावांतही ही पद्धत आहे. बाबा स्वतः लहानपणी आजोळच्या गावपळणीत खोपीत राहिले होते आणि दर वर्षी एकदा तरी ती हकिकत सांगत. पण रिकामं गाव समोर आल्यावर त्यांना देव आठवला नाही, मुंबई आठवली.

"हात लावू नकात!" एक पागोटेवाले म्हातारे पुढे झाले. ते गावाचे मानकरी, बाबली गावकर. "पाय खंय आसत तेंचे?"

"गावात," सगळे म्हणाले.

"आणि डोक्या?"

"भायर."

"मगे मनीस खंयचो धरूचो?"

यावर तिथे जी चर्चा सुरू झाली ती बाबांच्या खात्यालाही लाजवणारी होती. एक पक्ष म्हणाला माणूस डोक्याने मोजतात. दुसरा म्हणाला चालतो तो पायांनी, म्हणून पाय धरायचे. एकाने निवडणुकीचं उदाहरण दिलं, पण ते कुठल्या बाजूने ते त्यालाही सांगता आलं नाही. बाबा मध्ये पडून होते. "माझा पाय," ते म्हणत होते, "जरा कुणी..."

"जरा दम धरा, साहेबानू. तुमचाच चल्ला हा."

शेवटी तोड सलोनीनेच काढली. ती तर पूर्णच्या पूर्ण आत होती. तिचं जे काय बिघडायचं ते बिघडलं होतं. तिने आतून पाय ढकलले आणि गावाने बाहेरून हात ओढले. असे बाबा खोलवड्यातून बाहेर पडले, आणि त्यांच्यामागून सलोनी. घोटा बघता बघता नीरफणसाएवढा झाला.

सुभद्रा नावाची एक म्हातारी हळद उगाळून घेऊन आली, पण तिचा चेहरा कडू होता. "घांट कोणी वाजयली?"

"मी," बाबा म्हणाले.

म्हातारीने सगळ्या गावाला सांगितलं होतं की देवाने घंटा वाजवली. बायकांनी हात जोडले होते, दोघींच्या अंगावर काटा आला होता. म्हातारीने हळदीत पुन्हा बोटं बुडवली. "तुम्ही दोनदा वाजयली असात," ती ठामपणे म्हणाली. "तिसऱ्यांदा वाजली ती देवान."

बाबा काही बोलणार होते. म्हातारीने हळदीचा हात घोट्यावर जरा दाबून ठेवला. बाबा म्हणाले, "असात."

पण प्रकरण एवढ्यावर मिटणारं नव्हतं. पळणीचा हा शेवटचा दिवस. संध्याकाळी कौल मिळाला की गाव घरी जाणार. आता शीव मोडल्यामुळे देव अडून बसला तर? "माजी म्हस कालपासून दूध चोरता," एकजण कळवळून म्हणाला. "आणखी एक रात हयसर काढूची लागली तर साहेबांनीच पिळूची."

आणि त्याहून मोठी पंचाईत म्हणजे स्कूटर, हेल्मेट, मोबाइल सगळं देवळाशी, शिवेच्या आत. गावातली तरणी मुलं मोटरसायकली घेऊन बाजाराला गेलेली, ती थेट कौलाच्या वेळी येणार. दरीत कुणाच्याच फोनला रेंज नाही. निलेशला फोन करायचा तर शिवेबाहेरच्या रस्त्याने चढ चढून हमरस्त्यापर्यंत जायला हवं, आणि हमरस्ता म्हणजे एसटी, ट्रक, डंपर, सगळं काही.

"मी जातंय," सलोनी म्हणाली.

"नको. कोणतरी येतलो."

"कोण?"

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याने एक बकरी आली आणि गेली. घोटा आणखी फुगला. भोवतीच्या सगळ्यांनी सल्ले दिले: जाऊंदे, जाऊ नये, आधी कायतरी खाऊंदे. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पण प्रमाण मराठी काही आली नाही.

"जा," ते म्हणाले.

पुढचा शब्द येईल म्हणून सलोनी एक पाय टेकवून थांबली. तो आला नाही. बाबांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की मिशी उभी राहिली होती. ती निघाली.

चढावर गिअर म्हणजे काय ते तिला पहिल्यांदा कळलं. खोपींच्या रांगेतून जाताना दर पाच हातांवर आवाज येत होता, "खंय चल्लंस गो?" "हळू जा गो बाय!" "वळणार घंटी वाजव!" वर गवत कापणारी एक बाई, जी खाली आलीच नव्हती, विळा वर करून म्हणाली, "शिवेर अडाकलो तो तुजोच बापूस मा?" बातमी सायकलीच्या पुढे होती. हमरस्त्याला लागल्यावर एक एसटी एवढा मोठा हॉर्न वाजवत गेली की कडेचं गवत आडवं झालं; पण सलोनीचं हँडल हललं नाही. कड धरून ती चहाच्या टपरीपर्यंत गेली आणि टपरीवाल्याच्या फोनवरून निलेशचा पाठ असलेला नंबर लावला.

"शांत रस्त्यार कसो काय पडलो तुजो बापूस?" निलेश म्हणाला.

"तेका कोण सांभाळ म्हणूक नव्हता," ती म्हणाली. मग तिला आठवलं की ती म्हणाली होती. पण निलेशला एवढं सगळं कशाला सांगा.

ती परत उतरून आली तेव्हा सगळा गाव पाषाणासमोर जमला होता. बाबांना पुढे, उलट्या घातलेल्या डालग्यावर बसवलं होतं. डालग्यात कोंबडी होती आणि तिला ते मान्य नव्हतं. सलोनी दिसल्यावर बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग चाकं पाहिली, मग सुटल्यासारखा श्वास सोडला.

बाबली गावकरांनी पाषाणाला डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर देव राजी, डावी पडली तर नाही. मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा, शिवेच्या राखणदारा म्हाराजा! ह्यो मालवणचो साहेब आणि तेचा चेडू चुकान तुज्या राज्यात शिरली..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"साहेब शिकलेलो आसा, म्हणान तेका कुलपा बघून समाजला नाय..."

"व्हय म्हाराजा!" हा जरा जास्त जोरात.

"तर काय उणाअधिक झाला असात ता पोटात घाल, आणि आमका सुखान घराक जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली. गावात एकच गलका उठला. कुणी भांडी उचलली, कुणी दावी सोडली, म्हशीचा मालक तर पळालाच. आणि तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

"गावकरानू, देवाक आणखी एक इचारशात काय?"

"आता काय?"

बाबांनी सांगितलं. सायकल, मालवणचे रस्ते, कसालचा कौस्तुभ, सगळं. चेडवाकडे सायकल ठेवायची की पाठवायची? आपल्याने ठरत नाही. देव म्हणेल ते.

सलोनीने सायकलीचं हँडल धरून ठेवलं. बोलून प्रश्न सुटतात हे खरं, पण पाकळीशी काय बोलणार?

नव्या पाकळ्या लागल्या. गाव पुन्हा थांबला, डोक्यावर गाठोडी, काखेत कोंबड्या. पाकळ्या हलेनात. वारा आला, गेला. उजवी जरा लवली आणि तिथेच चिकटून राहिली. डावी तर जन्मली तेव्हापासून तिथेच असल्यासारखी. गाई हंबरायला लागल्या. सुभद्रा म्हातारी पुटपुटली, "देवाक इतको येळ लागूक चेडू काय विमान मागता?"

बाबली गावकरांनी पाषाणाकडे पाहिलं, मावळत्या उन्हाकडे पाहिलं, आपल्या घराच्या कौलांकडे पाहिलं. देवाच्या मनात काय होतं ते देवालाच ठाऊक. गावकरांच्या मनात आपली खाट होती. ते बाबांकडे वळले.

"साहेबानू, देव म्हणता, दुपारी तिका एकटी त्या रस्त्यार धाडलास, तेवा माका इचारलास? नाय. तुमचा तुम्ही ठरवलास. मगे आता माका मदी कित्याक घालतास?"

सवयीने सगळा गाव गरजला, "व्हय म्हाराजा!"

थोडा उशिरा, डालग्यावरून, आणखी एक "व्हय म्हाराजा" आला. तो बाबांचा होता, आणि सायकल सलोनीची.